०.५६ मूल

२००५ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या दिवाळखोरी न्यायालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. सोमवारी, १७ तारखेला, नवा कायदा लागू होणार होता आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेल्या लोकांना त्याच्या आत आपला अर्ज दाखल करायचा होता. त्या एका वर्षात देशभरात २० लाखांवर अर्ज आले. पुढच्या वर्षी ते सहा लाखांच्या आसपास उतरले. लोकांची कर्जं काही रातोरात फिटली नव्हती. दिवाळखोरीच्या दारात एक गणित आणून बसवलं होतं आणि लोकांनी त्याचा धसका घेतला होता.

हे गणित म्हणजे मीन्स टेस्ट, ऐपतीची परीक्षा. कर्ज बुडवायची परवानगी मिळवण्यासाठी आपण पुरेसे गरीब आहोत हे आकड्यांनी सिद्ध करायचं, आणि तेही एकट्याचं नव्हे, अख्ख्या घराचं. ऐकायला रूक्ष वाटतं. पण या गणिताच्या मागे मागे गेलं की आपण एका न्यायालयात पोचतो, जिथे तीन न्यायाधीश गंभीरपणे विचार करत बसलेत: आठवड्यातले काही दिवस आईकडे आणि काही दिवस बापाकडे राहणारं मूल आईच्या घरात नक्की किती धरायचं?

तिथवर जायच्या आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत सामान्य माणसाला दिवाळखोरीच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली चॅप्टर ७. कायद्याने राखून ठेवलेल्या गरजेच्या वस्तू सोडून जे काही विकण्याजोगं असेल ते विकून धनकोंना वाटायचं, आणि उरलेलं बहुतेक कर्ज माफ. विकण्याजोगं पुष्कळांकडे काहीच नसतं, त्यामुळे काही महिन्यांत माणूस मोकळा. दुसरी चॅप्टर १३. इथे तीन किंवा पाच वर्षं कमाईतून हप्ते भरायचे आणि मग सुटायचं. कुठल्या वाटेने जायचं हे २००५ पर्यंत बव्हंशी ऋणकोच ठरवायचा. कोणी सवलतीचा उघड गैरवापर करतोय असं दिसलं तर अर्ज फेटाळायची मुभा न्यायाधीशाला १९८४ पासून होती, पण गैरवापर कशाला म्हणायचं हे ज्याच्या त्याच्या नजरेवर.

बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्यांचं म्हणणं असं की फेडायची ताकद असलेले लोक पहिल्या वाटेने सटकतात. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एलिझाबेथ वॉरन वर्षानुवर्षं उलट सांगत होत्या: लोकांना इथवर आणतं ते आजारपण, गेलेली नोकरी आणि मोडलेला संसार. बिल क्लिंटन यांनी २००० साली नव्या कायद्याच्या विधेयकावर सही केली नाही. जॉर्ज बुश यांनी २० एप्रिल २००५ रोजी केली. सिनेटमध्ये विधेयकाचा पाठपुरावा करणारे चार्ल्स ग्रासली रिपब्लिकन, पण डेलावेअरचे डेमोक्रॅट सिनेटर जो बायडन हेही त्याच्या बाजूनेच होते. पुढे वॉरन आणि बायडन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकमेकांसमोर उभे राहिले तेव्हा हा जुना हिशेब पुन्हा निघाला. असो.

नव्या कायद्याची कल्पना वरवर बिनचूक होती. न्यायाधीशाची नजर नको, मन नको, कीव नको आणि रागही नको. एक फॉर्म भरा, बेरीज-वजाबाकी करा, उत्तर येईल.

पहिली पायरी उत्पन्नाची. अर्ज ज्या महिन्यात कराल त्याच्या आधीच्या पूर्ण सहा महिन्यांत घरात आलेला पैसा मोजायचा आणि त्याची मासिक सरासरी काढायची. या सरासरीला कायद्यात ‘चालू मासिक उत्पन्न’ म्हटलंय. ते चालू नसतं, कारण ते होऊन गेलेल्या महिन्यांचं असतं. आणि खऱ्या अर्थाने मासिकही नसतं, कारण तेवढी रक्कम एखाद्या तरी महिन्यात हातात आली असेलच असं नाही. पगार, धंद्याचा नफा, भाडं, पेन्शन, पोटगी, एवढंच काय, भावाने किंवा मित्राने घरखर्चासाठी नेमाने दिलेली रक्कमसुद्धा यात धरतात. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मात्र धरत नाहीत. त्यामुळे दोन म्हाताऱ्या जोडप्यांच्या घरात सारखाच पैसा येत असला, तरी एकाचा सोशल सिक्युरिटीतून आणि दुसऱ्याचा जुन्या कंपनीच्या पेन्शनमधून येत असेल, तर पहिलं जोडपं कागदावर कंगाल आणि दुसरं खाऊनपिऊन सुखी.

या सरासरीला १२ ने गुणायचं आणि तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाशी ताडून बघायचं. राज्यातली सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली तर बरोब्बर मधल्या कुटुंबाचं जे उत्पन्न, तो मध्यक. आपलं उत्पन्न त्याच्यापेक्षा कमी निघालं की परीक्षा तिथेच संपली, पहिली वाट मोकळी. जास्त निघालं तर पुढचं पान उघडायचं.

आता या सहा महिन्यांची गंमत बघा. समजा एका घराचं उत्पन्न महिना ६,००० डॉलर आहे आणि डिसेंबरात १२,००० डॉलरचा बोनस आला. ३० जूनला अर्ज केला तर डिसेंबर ते मे हे महिने मोजले जातील. सरासरी ८,०००, वर्षाचे ९६,०००. तोच अर्ज दुसऱ्या दिवशी, १ जुलैला केला तर जानेवारी ते जून. सरासरी ६,०००, वर्षाचे ७२,०००. घर तेच, माणसं तीच, कर्जही तेच. मध्ये फक्त एक रात्र गेली, आणि कागदावरच्या उत्पन्नातून २४,००० डॉलर नाहीसे झाले. दिवाळखोरीचे वकील कॅलेंडर हाताशी ठेवून का बसतात ते इथे कळतं.

उलटा फटकाही बसतो. कॅन्सस राज्यातल्या एका बाईला नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी पैसे मिळाले. २००६ च्या एप्रिलचं तिचं उत्पन्न त्यामुळे ११,९९० डॉलरवर गेलं आणि मेचं १५,३५६ वर. नंतरच्या नोकरीत तिला महिना १,९२२ डॉलर मिळत होते. ऑक्टोबरात तिने चॅप्टर १३ चा अर्ज केला (तिथे हप्ता किती हेही याच उत्पन्नावरून काढतात) तेव्हा एप्रिल-मे खिडकीत सापडले आणि सूत्राने तिचं ‘चालू मासिक उत्पन्न’ ५,३४४ डॉलर काढलं. त्या हिशेबाने तिने महिना ७५६ डॉलर पाच वर्षं भरावेत, असं प्रकरण सांभाळणाऱ्या ट्रस्टीचं म्हणणं. तिची तयारी १४४ डॉलर तीन वर्षं भरायची. हे भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१० साली आठ विरुद्ध एक मताने निकाल लागला की पुढे काय घडणार हे जवळपास निश्चित दिसत असेल, तर न्यायालयाने त्याकडे डोळेझाक करू नये. एकटे न्यायमूर्ती स्कॅलिया म्हणत राहिले की कायद्यात जे लिहिलंय तेच करा. डिसेंबरपर्यंत थांबली असती तर एप्रिल-मे आपोआप मागे पडले असते. पण दारात वसुलीवाले उभे असताना दोन महिने थांबणं कसं असतं, हे कर्जात अडकलेल्यालाच ठाऊक.

नवरा-बायकोचा प्रश्न वेगळाच. दिवाळखोरी एकट्या बायकोने मागितली, कर्ज एकटीचं, नवऱ्याची कुठे सहीसुद्धा नाही. तरी एका छपराखाली राहत असतील तर फॉर्ममध्ये नवऱ्याच्या उत्पन्नासाठी दुसरा रकाना आहेच. नंतर त्यातली घरखर्चाला न लागणारी रक्कम वजा करता येते: नवऱ्याचा स्वतःचा कर, त्याचं शिक्षणाचं कर्ज, आधीच्या लग्नातल्या मुलांचा खर्च. म्हणजे ‘तुझे पैसे’ आणि ‘आपले पैसे’ ही जी रेघ कित्येक जोडपी आयुष्यभर ओढायची टाळतात, ती इथे सरकारी छापील कागदावर ओढावी लागते. हा पेच आपल्याकडे गोव्यातही आहे, वेगळ्या रूपात. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार दांपत्याची मालमत्ता सामायिक, म्हणून आयकराच्या कायद्यात खास कलम घालून पगाराखेरीजचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरतात.

मध्यकाच्या वर गेलेल्यांसाठी खर्चाचं पान असतं, आणि ते कोणी बनवलंय? कर वसूल करणाऱ्या खात्याने. कर थकवलेल्या माणसाला जगायला किती पैसे ठेवायचे याचे तक्ते त्या खात्याने तयार केले होते. कायद्याने तेच उचलले. अन्न, कपडे, साबण-फिनेल, केस कापणं यांचे ठरलेले आकडे, माणसागणिक. घराचा आकडा काउंटीप्रमाणे, गाडीचा विभागाप्रमाणे. तुम्ही प्रत्यक्षात किती जेवता याच्याशी तक्त्याला देणंघेणं नाही. तारण कर्जाचे हप्ते मात्र खरे असतील तेवढे वजा होतात. म्हणजे ज्याने ऐपतीबाहेरचं मोठं घर कर्जाने घेतलं त्याची वजावट मोठी, आणि तो परीक्षेत सहज ‘गरीब’ ठरतो. जो खोलीभर जागेत काटकसरीने राहिला त्याच्या हातात कागदावर पैसे उरतात.

गाडीवरून तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल गेली. नेवाडातल्या एका गृहस्थांकडे २००४ ची टोयोटा कॅमरी होती, पूर्ण फेडलेली. तक्त्यात ‘गाडी बाळगण्याचा खर्च’ म्हणून महिना ४७१ डॉलर होते, ते त्यांनी वजा केले. पाच वर्षांचे २८,२६० डॉलर. २०११ साली न्यायमूर्ती एलेना केगन यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या आपल्या पहिल्याच निकालपत्रात सांगितलं की हा आकडा गाडीच्या हप्त्यासाठी आहे. ज्याला हप्ता नाही त्याला वजावट नाही. निकाल तर्काला धरून आहे, पण गाडीचं कर्ज वेळेवर फेडलेल्या माणसाला तो कसा वाटला असेल याचा विचार मनातून जात नाही.

खर्चाच्या याच भागात एक कलम मात्र असं आहे की वाचताना आपण वॉशिंग्टनमध्ये आहोत की वाईत असा प्रश्न पडावा. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग आप्तांची काळजी घेण्यासाठी होणारा खरा आणि वाजवी खर्च वजा करता येतो, आणि हे आप्त कोण ते कायद्याने नावानिशी सांगितलंय: आईवडील, आजीआजोबा, भावंडं, मुलं, नातवंडं. अख्खं एकत्र कुटुंब एका उपकलमात.

सगळ्या वजावटीनंतर महिन्याला जे उरेल त्याला ६० ने गुणायचं. मूळ कायद्यात, पाच वर्षांत १०,००० डॉलर किंवा जास्त उरत असतील तर गैरवापर गृहीत धरला जाई. ६,००० च्या खाली असतील तर माणूस सुटला. मधल्या पट्ट्यात असतील तर एकूण विनातारण कर्जाच्या चौथाईशी ताडून बघायचं. हे आकडे दर तीन वर्षांनी महागाईप्रमाणे वाढवतात.

आणि आता मुख्य गोष्ट. मध्यक असो की तक्ता, प्रत्येक ठिकाणी एक संख्या आधी भरावी लागते: घरात माणसं किती? हा आकडा एकाने वाढला की मध्यक वर सरकतो, तक्त्यातलं अन्न वाढतं, कपडे वाढतात, आणि अपात्र माणूस पात्र होऊ शकतो. चारच्या पुढे प्रत्येक माणसागणिक मूळ कायद्याने महिना ५२५ डॉलर वाढवून दिले होते. एवढं सगळं ज्या संख्येवर टेकलंय ती मोजायची कशी, हे मात्र कायद्याने सांगितलंच नाही. ‘घर’ म्हणजे काय याची व्याख्याच त्यात नाही!

मग न्यायालयांनी आपापल्या रीती काढल्या. एक रीत जनगणनेची, तिला वकील ‘बिछान्यावर डोकी’ म्हणतात: रात्री त्या छपराखाली जेवढे झोपतात तेवढे घरातले, नातं असो वा नसो. दुसरी रीत कराची: विवरणपत्रात ज्यांना अवलंबून दाखवता येतं तेवढे. तिसरी आर्थिक एककाची: ज्यांचा पैसा आणि खर्च एकमेकांत मिसळलेला आहे तेवढे.

समजा न्यू जर्सीत एक मराठी जोडपं आहे. (दिवाळखोरी मागायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, तिथे राहणं, धंदा किंवा मालमत्ता असणं पुरतं.) मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजच्या वसतिगृहात. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. तळघरातल्या खोलीत एक भाडेकरू. डोकी मोजली तर भाडेकरू आत, मुलगी बाहेर, आणि सासूबाई पाहुण्या की घरातल्या यावर वाद. कराच्या रीतीने मुलगी आत, भाडेकरू बाहेर, आणि व्हिजावर आलेल्या सासूबाईही बाहेर. पैशाच्या रीतीने फीचे पैसे कोण भरतं, किराणा कोण आणतं, सासूबाईंची औषधं कोणाच्या खिशातून, हे सगळं तपासायला घ्यावं लागेल. एकच घर, कधी तिघांचं, कधी चौघांचं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बाईचं घर याहून गुंतागुंतीचं होतं. तिला पहिल्या लग्नातले दोन मुलगे, ते वर्षातले २०४ दिवस तिच्याकडे आणि उरलेले दिवस बापाकडे. दुसऱ्या नवऱ्याची आधीची तीन मुलं, ती १८० दिवस या घरात. तिने चॅप्टर १३ च्या अर्जात लिहिलं: आम्ही सात जण. एका धनकोने हरकत घेतली. तेव्हा दिवाळखोरी न्यायालयाने दिवस मोजले. २०४ भागिले ३६५, म्हणजे प्रत्येक मुलगा ०.५६. १८० भागिले ३६५, म्हणजे प्रत्येक सावत्र मूल ०.४९. दोन मुलगे मिळून १.१२, तीन सावत्र मुलं मिळून १.४७. बेरीज २.५९. तक्त्यात २.५९ ची ओळ नाही, म्हणून वर ओढून तीन. ती, नवरा आणि तीन ‘मुलं’: घर पाच जणांचं. २०१२ साली चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा हिशेब उचलून धरला. तीन न्यायाधीशांपैकी एकाने विरोधी मत नोंदवलं.

मला हा निकाल वाचताना हसू आलं आणि लगेच त्यातलं शहाणपणही दिसलं. दोन घरांत वाढणारं मूल दोन्ही घरांनी पूर्ण मोजलं तर देशात एका मुलाची दोन होतात, आणि दोन्ही घरं त्याच्या नावाने सवलत घेऊ शकतात. ०.५६ आणि ०.४४ मिळून पुन्हा एक होतं, हिशेब जुळतो. पण त्या मुलाला दोन्ही घरांत अख्खी गादी लागते. स्वेटर, दात घासायचा ब्रश, अभ्यासाचं टेबल, सगळं दोन-दोन ठिकाणी. ०.४४ मुलासाठी ०.४४ खोली कोणी भाड्याने देत नाही. दोन घरांत वाढणारं मूल एका घरातल्या मुलापेक्षा महाग पडतं, आणि अपूर्णांक नेमकं हेच लपवतो. माझं मत त्या विरोधी न्यायाधीशाकडे झुकतं. न्यायाधीशाची नजर काढून टाकायला निघालेला कायदा शेवटी तिच्याकडेच परत आला, फक्त आता ती नजर दशांश चिन्हाच्या पलीकडे बघू लागली.

आपली जनगणना बिछाने मोजत नाही, चूल मोजते. जे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. दोन भाऊ एका वाड्यात राहून वेगळं शिजवत असतील तर कुटुंबं दोन. रेशनकार्ड विभक्त करायला तहसील कार्यालयात खेटे घातलेल्यांना या चुलीचं मोल वेगळं सांगायला नको, कारण महाराष्ट्रात कार्डाचा रंगही वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नावर ठरतो: १५,००० रुपयांपर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं.

अशा देशाने गरिबाच्या दिवाळखोरीचा नियम लिहिताना घराकडे बघितलेलंच नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत ‘नव्याने सुरुवात’ नावाचं प्रकरण आहे. अर्जदाराचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवं, मालमत्ता २०,००० च्या आत, माफ होण्याजोगं कर्ज ३५,००० च्या आत, आणि नावावर राहतं घर नको, मग ते गहाण असलं तरी. उत्पन्न त्या एका माणसाचं. नवऱ्याचा, सासऱ्याचा, मुलाचा पगार कुठल्या रकान्यात नाही. मोठ्या बंगल्यातली, स्वतःच्या नावावर काही नसलेली सून या कसोटीत बसू शकते, आणि महिना ५,१०० रुपयांवर चार पोटं भरणारी एकटी मोलकरीण बसत नाही.

अर्थात वाद सध्या कागदावरचाच आहे. संहितेचा व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू झाला, आणि ‘नव्याने सुरुवात’चं प्रकरण त्यातूनही वगळलं. साध्या माणसासाठी अजून इंग्रजांच्या वेळचे कायदे चालतात: मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांना १९०९ चा, आणि पुण्या-नागपुरासारख्या ठिकाणी १९२० चा. तिथे मध्यक नाही, तक्ता नाही, डोकी मोजणं नाही. कर्ज फेडता येत नाही असं सांगणाऱ्याने दाखवायचं एवढंच की ते निदान ५०० रुपयांचं आहे.